कलेचें काम आणि संगणकाची निवड

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला, आणि तो नागपंचमीपर्यंत चालला. आमच्या नातीस पुण्यास उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमांत प्रवेश मिळाला व तिला स्वतःचा संगणक घेऊन देणें प्राप्त झालें. चित्रें काढणें, अक्षरें रेखाटणें, पुस्तकांचीं पानें लावणें, प्रसंगीं हलतीं चित्रें तयार करणें, हें सर्व आतां संगणकावर होतें. तेव्हां तो हवा कीं नको, हा प्रश्नच नव्हता. कोणता घ्यावा, एवढाच काय तो प्रश्न होता. परंतु एखाद्या मुलीचें स्थळ पाहतांना घरांत जेवढीं मतें पडत नाहींत, तेवढीं या एका यंत्रापायीं पडलीं.

पुण्यास नोकरीस असलेला आमचा पुतण्या मॅकच्या पक्षाचा. येथें पाटोद्यास फ्लेक्स व लग्नपत्रिका छापण्याचें दुकान चालविणारा आमचा धाकटा मुलगा विंडोजचा. तिसरा पक्ष आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो आतां तालुक्यांतील एका शाळेंत विज्ञान शिकवितो आणि लिनक्स नांवाच्या, विनामूल्य मिळणाऱ्या व्यवस्थेचा कट्टर पुरस्कर्ता आहे. मुलीचा बाप, म्हणजे आमचा ज्येष्ठ मुलगा, शेतीचा हिशेब पाहतो. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, सोयाबीनची पट्टी हातीं यावयास दिवाळी उजाडेल. तोंवर जी शिल्लक आहे तिच्यांत बसेल तें घ्या.

आम्हांस स्वतःस संगणकांतील फारसें कळत नाहीं. मॅट्रिक झालों, पुढें संस्कृत शिकलों, आणि नंतरचा जन्म शाळेंत मुलांकडून रूपें घोकून घेण्यांत गेला. तथापि या वादांत बोलण्याचा अधिकार आम्हांस एका दुःखद अनुभवानें मिळाला होता. तो आधीं सांगतों, कारण त्यावांचून पुढील विवेचन वाचकांस उगाच वाटेल.

आमच्या मातोश्रींस जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. बालाघाटाच्या या रांगेंत, मांजरेच्या उगमापासून सौताड्याच्या रामेश्वरापर्यंत, त्यांचे सोयरे पसरलेले होते. तेथल्या बायकांकडून त्यांनीं त्या उचललेल्या. त्या थकल्या तेव्हां आम्हीं दोन वर्षें रोज सायंकाळीं त्यांच्यापाशीं बसून पांच वह्या भरल्या. इ. स. २००४ मध्यें एका संगणकाच्या दुकानांत त्या वह्या टाइप करून घेतल्या. दुकानदारानें एक छापील प्रत दिली आणि एक तबकडी दिली. छापील प्रत एका स्नेह्यांनीं वाचावयास नेली ती परत आली नाहीं. वह्यांस वाळवी लागली. मातोश्री निवर्तल्या. दुकानहि केव्हांच उठलें. उरली ती तबकडी. तिच्या भरंवशावर आम्ही निश्चिंत होतों, कारण तबकडीस वाळवी लागत नाहीं असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें.

पुढें नातीनें ती उघडली, तेव्हां पडद्यावर मराठीचें एक अक्षर नव्हतें. रोमन अक्षरें, स्वल्पविराम, कंस, डॉलरच्या खुणा, मधूनच रिकाम्या चौकटी, असा दोनशें पानांचा गोंधळ. संस्कृतांत घुणाक्षर नांवाचा एक न्याय आहे. किडा लांकूड कुरतडीत जातो आणि त्याच्या रेघांतून चुकून एखादें अक्षर उमटल्यासारखें दिसतें. आमच्या घरीं उलट झालें होतें. मुळांत अक्षरें होतीं, तीं किड्याच्या रेघा होऊन बसलीं होतीं.

असें कां व्हावें? आम्हीं तिन्ही पक्षांस हा प्रश्न विचारला, आणि या एका बाबतींत मात्र तिघांचें एकमत पडलें. इंग्रजी लिहिण्यास शंभरएक खुणा पुरतात. जुन्या संगणकांत एका फाँटला, म्हणजे अक्षरांच्या एका संचाला, जास्तींत जास्त २५६ घरें मिळत. देवनागरीचीं जोडाक्षरें धरलीं तर शेंकडों आकृति लागतात. त्या या घरांत मावणार कशा? तेव्हां अक्षराचे तुकडे करण्यांत आले: अर्धा क निराळा, काना निराळा, वेलांटी निराळी, रफार निराळा. ही युक्ति नवी नव्हे. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं 'अखंड' टाइपांत काना-मात्रेसह सबंध अक्षर एका खिळ्यावर ओतीत आणि 'डिग्री' टाइपांत मात्रा-वेलांट्या वेगळ्या ओतून अक्षरास जोडीत. पण शिशाचा वेलांटीचा खिळा कोणत्याहि छापखान्यांत वेलांटीच असे. संगणकांत कोणता तुकडा कोणत्या घरांत ठेवावयाचा, हें मात्र फाँट करणाऱ्या प्रत्येकानें आपापल्या सोयीनें ठरविलें. समजा, एकानें जेथें अर्धा क ठेवला, तेथें दुसऱ्यानें रफार ठेवला. संगणकाच्या स्मरणांत मराठी नव्हतीच. तेथें रोमन खुणांचें कडबोळें होतें, आणि त्या विशिष्ट फाँटचा चष्मा लावला तरच तें मराठी दिसे. आमचा चष्मा त्या दुकानाबरोबर गेला.

यावर तेव्हां उपाय नव्हता असें नाहीं. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें भारतीय लिपींसाठीं जें संशोधन झालें, तें १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें पुढें चालविलें. १९९१ सालीं 'इस्की' नांवाची भारतीय संकेतावलि प्रमाण म्हणून मान्य झाली. त्याच वर्षीं युनिकोड या योजनेची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. जगांतील लिपींच्या प्रत्येक अक्षरास एकेक कायमचा क्रमांक देणें, हा तिचा उद्देश. तींत देवनागरीस १२८ घरांचें एक दालन मिळालें. एवढ्यांत भागतें, कारण येथें अक्षराची आकृति सांठवीत नाहींत, अक्षर सांठवितात. आकृति घडविण्याचें काम फाँट मागाहून करतो. 'कि' हें अक्षर पाहा. डोळ्यांस आधीं वेलांटी दिसते आणि मग क. जुन्या फाँटमध्यें याच क्रमानें तें सांठविलें जाई. युनिकोडांत मात्र आधीं क आणि मागून इकार, म्हणजे उच्चाराचा क्रम. आमच्यासारख्या व्याकरणाच्या जुन्या विद्यार्थ्यास हें ऐकून केवढें समाधान झालें, तें काय सांगावें! आपल्या शिक्षाकारांनीं वर्णांचा विचार ध्वनीच्या अंगानें केला, हाताच्या वळणाच्या अंगानें नव्हे. तीच दृष्टि येथें कामीं आली.

मग आमच्या ओव्या १९९१ नंतर तेरा वर्षांनीं टाइप होऊनहि कां बुडाल्या? येथें मॅक-विंडोजचा इतिहास थोडा पाहणें अवश्य आहे. मॅकिंटॉश १९८४ सालीं निघाला. पुढच्याच वर्षीं पानें लावण्याचा पेजमेकर हा प्रोग्राम आला तो प्रथम मॅकवर. फोटोशॉप १९९० सालीं आला तोहि मॅकवरच. विंडोजवर यावयास त्याला आणखी दोन-तीन वर्षें लागलीं. चित्रकाराचा संगणक म्हणजे मॅक, ही समजूत त्या काळापासूनची, आणि त्या काळीं ती खरी होती. परंतु महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या छापखान्यांत शिरला तो विंडोजचा संगणक. तो स्वस्त पडे, कोणीहि सुटे भाग आणून जुळवून देई, आणि मराठी फाँट प्रामुख्यानें त्यासाठींच विकले जात. विंडोज २००० या आवृत्तीबरोबर 'मंगल' हा युनिकोड देवनागरी फाँट घरोघरीं आला. त्याचीं अक्षरें रेखिलीं होतीं मुंबईच्या आय. आय. टी.त शिकविणारे आपले सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं. तरीहि छापखाने जुन्या फाँटलाच चिकटून राहिले, कारण त्यांचें सारें काम पेजमेकरमध्यें होई आणि पेजमेकरला युनिकोडांतील देवनागरी जुळवितां येत नसे. त्याची अखेरची आवृत्ति २००१ सालची. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्यें भारतीय लिपींची सोय नीट झाली ती २०१२ सालच्या आवृत्तींत.

म्हणजे आमच्या ओव्या मॅकमुळें बुडाल्या नाहींत आणि विंडोजमुळेंहि नाहीं. ज्या रूपांत त्या सांठविल्या त्या रूपामुळें बुडाल्या. हें ध्यानांत आल्यावर आम्हीं तिन्ही पक्षांस सांगितलें कीं, यंत्र किती वेगवान्, पडदा किती झगझगीत, हें मागून पाहूं. प्रथम मुलीनें एक पान तयार करावें; तें ज्या यंत्रावर केलें त्याखेरीज दुसऱ्या दोहोंवर उघडावें, वाचतां यावें आणि दुरुस्तहि करतां यावें. जें यंत्र आपलें काम बाहेर नेऊं देत नाहीं, तें कितीहि चांगलें असलें तरी आमच्या उंबऱ्याच्या आंत नको.

नागपंचमीच्या आधींच्या रविवारीं तिघांनीं आपापलीं यंत्रें आमच्या ओसरीवर मांडलीं. नातीनें मजकूर मागितला, तेव्हां आम्हीं मुद्दाम वांकडे शब्द दिले: सुऱ्या, वाऱ्या, ऱ्हस्व, आणि ॲ हें नवें अक्षर. (या ॲ-ला युनिकोडांत स्वतंत्र घर मिळालें तें २००८ सालीं, तोंवर मराठी माणसानें कांहींतरी भागवून नेलें.) शिवाय खोडसाळपणानें एक वेदांतील ओळ, स्वरांच्या खुणांसह. पहिल्या फेरींत तिन्हीकडे पान निरनिराळें दिसलें; ओळी वेगळ्या ठिकाणीं तुटल्या, कारण प्रत्येक यंत्रानें आपल्या पदरचा फाँट लावला. मग नातीनें मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीनें केलेला 'मुक्त' नांवाचा फाँट तिन्ही यंत्रांवर चढविला. तो नांवाप्रमाणेंच मुक्त आहे. कोणीहि विनामूल्य घ्यावा, वापरावा. दुसऱ्या फेरींत पान तिन्हीकडे जुळलें. सुऱ्या-वाऱ्यांचा र जागेवर बसला. वेदांतील स्वरित व अनुदात्त यांच्या नेहमींच्या दोन खुणाहि उमटल्या. सामवेदाच्या विशेष खुणांस युनिकोडांत २००९ पासून जागा आहे, पण त्या दाखविणारा फाँट निराळा शोधावा लागतो, असें कळलें. श आणि ल यांचीं मराठी वळणें हिंदीहून वेगळीं आहेत, हें वाचक जाणतात. कित्येक फाँटमध्यें दोन्ही वळणें असतात आणि भाषा मराठी आहे असें प्रोग्रामला सांगितलें म्हणजे आपलें वळण येतें. न सांगितल्यास हिंदी वळणाचा ल आपल्या पुस्तकांत मुकाट्यानें येऊन बसतो. हल्लींच्या फलकांवर तो जागोजाग दिसतो आणि आमच्या डोळ्यांत खुपतो.

अशा रीतीनें आमच्या कसोटीस तिन्ही यंत्रें उतरलीं. विसाव्या शतकांत तीं उतरलीं नसतीं. मग पुन्हां वादास तोंड फुटलें.

पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडे वीज किती वेळा जाते, तेवढा विचार करा. २०२० पासून मॅकमध्यें कंपनीचा स्वतःचा प्रोसेसर आहे. बॅटरी दिवसभर पुरते, यंत्र तापत नाहीं, पडद्यावरचे रंग विश्वासाचे. आणि पांच वर्षांनीं विकला तरी किंमत येते." योगायोग असा कीं, तो बोलत असतांनाच वीज गेली. धाकट्या मुलाचा संगणक तासाभरानें निजला. मॅक सायंकाळपर्यंत जागा होता. हा मुद्दा आम्हीं मनांत नोंदविला. परंतु त्यानें सांगितलेली रक्कम ऐकून मुलीचा बाप उठून गोठ्याकडे गेला. शिवाय जुना इतिहास पाहतां मॅकनें १९९४, २००६ आणि २०२० असा तीन वेळां आपला प्रोसेसर पालटला, आणि प्रत्येक वेळीं कांहीं वर्षांत जुने प्रोग्राम त्यावर चालेनासे झाले. मोठ्या घराण्यांतील सून देखणी व कामसू असावी, पण दर बारा-पंधरा वर्षांनीं तिनें घरांतील जुनीं भांडीं बाहेर काढावीं, तसें कांहींसें हें वाटतें. नव्या भांड्यांत स्वयंपाक चांगला होतो, हें मात्र नाकारूं नये.

आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें आम्हांस तत्त्वतः सर्वांत पटलें. लिनस टोरवाल्ड्स या फिन्लंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला, आणि पुढें जगभरच्या लोकांनीं तें काम फुकट वाढविलें. चित्र काढण्यास क्रिटा, रेखाकृतींस इंकस्केप, छायाचित्रांस गिंप, हलत्या चित्रांस ब्लेंडर, हे प्रोग्राम विनामूल्य मिळतात आणि तिन्ही व्यवस्थांवर चालतात. ब्लेंडरची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. तो काढणारी कंपनी बुडाली, तेव्हां २००२ सालीं लोकांनीं सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी जमवून तो सोडवून घेतला व सर्वांस खुला केला. लॅटव्हियांतील मंडळींनीं त्यावर केलेल्या 'फ्लो' या मांजराच्या चित्रपटास २०२५ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. फुकटचें तें हलकें, हा आपल्याकडील समज किती खोटा आहे, हें यावरून कळावें. तथापि फोटोशॉप, इनडिझाइन हे प्रोग्राम लिनक्सवर मिळत नाहींत, आणि मुलीचे अध्यापक व पुढें ज्यांच्याशीं तिचा व्यवहार पडेल ते मुद्रक बहुधा तेच वापरणारे. जेथें शिकावयाचें तेथली भाषा बोलतां आली पाहिजे.

येथें एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी. हे प्रोग्राम करणाऱ्या अडोबी कंपनीनें २०१३ पासून नव्या आवृत्त्या कायमच्या विकत देण्याचें सोडून भाड्यानें देण्याचें धोरण धरलें. भाडें थकलें कीं प्रोग्राम बंद. आणि प्रोग्राम बंद म्हणजे त्यांत केलेलें काम आपल्याच घरीं असून आपणांस उघडतां येत नाहीं. यंत्राच्या किमतीवर घरांत महिनाभर चर्चा होते, या भाड्याचा हिशेब मात्र कोणी करीत नाहीं. विद्यार्थ्यांस सवलत असते, पण विद्यार्थी जन्मभर विद्यार्थी राहत नाहीं.

शेवटीं विंडोजचा, मध्यम किमतीचा, पण पडदा चांगला असलेला व स्मरणशक्ति पुढें वाढवितां येईल असा संगणक घ्यावयाचें ठरलें. धाकट्या मुलाला आपला जय झाला असें वाटलें. वास्तविक तसें नव्हतें. त्याच्या बाजूनें निर्णायक गोष्ट एकच होती: बिघडला तर बीडला दुरुस्त होईल आणि अडल्यास पाटोद्यांत त्याच्या दुकानीं काम भागेल. उरलेल्या पैशांत रेखाटण्याची पाटी व लेखणी आणि दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या. एक पुण्यास तिच्यापाशीं राहते, दुसरी आमच्या कपाटांत. ती सुटीस आली कीं दोहोंची अदलाबदल होते. शिवाय प्रत्येक काम पुरें झालें म्हणजे मूळ फाइलीखेरीज त्याची पीडीएफ प्रत, रेखाकृतीची एसव्हीजी प्रत आणि मजकुराची साधी युनिकोड प्रत ठेवावयाची, असा आम्हीं दंडक घातला. ती हंसली, पण पाळते.

पुतण्या कांहीं दिवस रुसला होता. त्याच्या समाधानासाठीं हें नमूद करतों कीं, मुलगी चित्रपटांचें संकलन किंवा संगीताचें मुद्रण शिकावयास गेली असती आणि तेथें फायनल कट किंवा लॉजिक वापरीत असते, तर वाद घालण्यांत अर्थ नव्हता. ते प्रोग्राम विंडोजवर किंवा लिनक्सवर मिळतच नाहींत. विद्यार्थ्याचेंहि कांहीं वायां गेलें नाहीं. विंडोज १० या आवृत्तीचा सांभाळ कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला, तेव्हां आमचा घरचा जुना संगणक धडधाकट असून म्हातारा ठरला. विद्यार्थ्यानें येऊन त्यावर लिनक्स बसवून दिलें. हा लेख आम्ही त्यावरच लिहीत आहों. कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा. स्वर डाव्या हातास, व्यंजनें उजव्या हातास. तो तिन्ही व्यवस्थांत असतो, त्यामुळें यंत्र बदललें तरी बोटांस पुन्हां शिकवावें लागत नाहीं. साठी उलटल्यावर शिकण्यास आम्हांस तीन आठवडे लागले.

राहिल्या ओव्या. पुतण्यानेंच रुसवा सोडून त्यांत लक्ष घातलें. तबकडीवरील फाइलींत त्या फाँटचें नांव सांपडलें, आणि जुन्या फाँटचें युनिकोडांत रूपांतर करणारा एक लहानसा प्रोग्राम मिळाला. तो लावतांच दोनशें पानें पुन्हां मराठी झालीं. पण सगळीं नव्हेत. रफार शेजारच्या अक्षरावर गेले होते, पहिल्या वेलांट्या चुकीच्या जागीं पडल्या होत्या, कांहीं जोडाक्षरें पार नाहींशीं झालीं होतीं. संध्याकाळीं नात पुण्याहून फोनवर एकेक ओवी वाची आणि आम्ही आठवून दुरुस्ती सांगत असूं. जेथें आमची आठवण थकली तेथें आमच्या धाकट्या भगिनीस विचारलें. त्या पाथर्डीस असतात, आणि मातोश्रींबरोबर जात्यावर बसल्या होत्या त्या त्याच. त्यांस ओवी नुसती सांगतां येत नाहीं, म्हणावी लागते. फोनवर म्हटलेलें नात लिहून घेई. अद्यापि सतरा ओव्या अपुऱ्या आहेत.

दिवाळीनंतर नातीनें नमुन्याचें पहिलें पान पाठविलें. उजवीकडे जात्याचें चित्र, डावीकडे चार ओव्या. आम्हीं तें या जुन्या संगणकावर उघडलें. र आपल्या जागीं, ल मराठी वळणाचा. एका ठिकाणीं मात्र 'माहेर' ऐवजीं 'म्हायेर' छापलें होतें. रूपांतरांतील चूक समजून आम्हीं तें दुरुस्त करावयास कळविलें. दुसऱ्या दिवशीं भगिनीचा फोन आला. त्या म्हणाल्या, "दादा, तें चुकलेलें नाहीं. आई तसेंच म्हणायची." तेव्हां तो शब्द तसाच ठेवला आहे.